खडखडाटाचं वेळापत्रक

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांमध्ये एक अभिनयकला चांगलीच रुजलेली आहे आणि तिची दखल आजवर एकाही नाट्यसंमेलनानं घेतलेली नाही. ही मंडळी गाडीचा बिघाड तोंडानं वाजवून दाखवतात. एरवी बँकेत किंवा आयटीत जबाबदारीच्या पदावर असलेला, कोपर-गुडघ्यांना चिलखत चढवलेला पंचेचाळिशीचा गृहस्थ गॅरेजच्या दारात ओठांचा चंबू करून मेस्त्रीसमोर ‘टर्रक्-टक्, टर्रक्-टक्’ करत असतो. मागे उभा असलेला ग्रुपमधला मित्र ‘अरे टर्रक् नाही, खर्रक्’ अशी दुरुस्ती सुचवतो. मग दोघांत पाठभेदावर चर्चा होते. मेस्त्री चिंधीला हात पुसत दोन्ही पाठ ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, ‘पण येतो कधी?’ यावर दोघंही एका सुरात सांगतात, ‘मधूनमधून.’ इथंच घोडं पेंड खातं. माझं म्हणणं असं की इंजिनापासून मागच्या चाकापर्यंतच्या यंत्रणेत आवाज कसा येतो, याला निदानात फार थोडी किंमत आहे. तो कधी येतो, कधी थांबतो आणि कशाबरोबर वाढतो, एवढंच कळायला हवं. पण ते सांगण्यात अभिनयाला वाव नाही, म्हणून ते कोणी पाहून ठेवत नाही.

‘कसा’ हा प्रश्न फसवा आहे, कारण ऐकणाराच अधू आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. आवाज कोणत्या बाजूनं आला हे आपण बऱ्याच अंशी ओळखतो ते तो दोन कानांवर किती अंतरानं पडला यावरून, आणि हे अंतर जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या सहा-सात दशांशांइतकं असतं. एवढ्या नाजूक यंत्रणेवर दीड किलोचं हेल्मेट चढवल्यावर ती काय सांगणार? त्यात गाडीची फ्रेम लोखंडी. मागच्या चाकाजवळ झालेली टकटक ती टाकीपर्यंत, फूटरेस्टपर्यंत, हँडलपर्यंत इमानेइतबारे पोचवते. त्यामुळे ‘आवाज इंजिनातूनच येतोय, लिहून देतो’ असं सांगणाऱ्याच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं निघतं. शिवाय खडखड म्हटली की त्यात सैल साखळी येते, ताण गेलेली टायमिंग चेन येते, एक स्क्रू गमावलेली नंबरप्लेटही येते. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणणारे स्वतःला शास्त्रीय समजतात, पण फोनचा माइक आपोआप मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलून धरतो. त्या व्हिडिओत इंजिन, वारा, मागून येणारी एसटी आणि ‘ऐक ऐक, आता आला’ हा मित्राचा उद्गार, सगळ्यांना समान न्याय मिळतो.

डॉक्टरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. पॅरिसमध्ये रेने लॅनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली. आजही हृदयातली कुजबुज ऐकणारा डॉक्टर ती कर्कश आहे की मऊ यापेक्षा आधी हे ठरवतो, की ती पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मध्ये येते की दुसऱ्यानंतर. त्यासाठी कान छातीशी असताना त्याची बोटं नाडीवर असतात. आधी वेळ, मग रूप. लॅनेक यांनी आणखी एक केलं: जिवंतपणी काय ऐकू आलं आणि मृत्यूनंतर आत काय सापडलं, याचा ते मेळ घालत. मोटरसायकलच्या मेस्त्रीला ही सोय रुग्ण जिवंत असतानाच उपलब्ध आहे. मजुरी तेवढी उघडण्याची आणि बंद करण्याची अशी दोन्ही वेळा पडते.

मोटरसायकलीचं भाग्य असं की तिच्यातला प्रत्येक भाग वेगळ्या गतीनं फिरतो, त्यामुळे आवाजाला आपली ओळख लपवता येत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो, म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एकदा होते. क्रँकच्या बेअरिंगची ठोक दर फेरीला होते. चाकाला या दोघांशी काही देणंघेणं नाही, त्याची गती गाडीच्या वेगानं ठरते. यातून जी चाचणी निघते ती इतकी साधी आहे की तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगानं चौथ्या गिअरमध्ये जा, मग तोच वेग राखून पाचवा टाका. आवाजाची लय बदलली, तर दोषी इंजिन-क्लचच्या बाजूला आहे. तसूभरही बदलली नाही, तर पुढच्या स्प्रॉकेटपासून टायरपर्यंत कुठेतरी आहे. एका गिअरच्या बदलात अर्धी गाडी निर्दोष सुटते. हे न करता लोक थेट ‘इंजिन खोलायला लागेल का?’ असं विचारतात. आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचं इंजिन खोललं जातंच.

साखळीच्या गाडीत तर आकडेमोडीची मौज आहे. समजा मागच्या स्प्रॉकेटला ४५ दात आहेत, पुढच्याला १५, साखळीत ११२ कड्या आणि मागच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हातानं ढकलत न्या. टकटक दर दोन मीटरला एकदा झाली, तर ती चाकाची: ब्रेक डिस्क वाकडी असेल, मागच्या स्प्रॉकेटचा दात गेला असेल, टायरमध्ये खिळा असेल. दर ६५-७० सेंटिमीटरला झाली तर पुढच्या स्प्रॉकेटची, कारण चाकाच्या एका फेरीत ते तीनदा फिरतं. आणि पाच मीटरला एकदा झाली, तर साखळीत एखादी कडी अखडली आहे, कारण साखळीची एक फेरी पूर्ण व्हायला चाकाच्या अडीच फेऱ्या लागतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन लाखांची गाडी ढकलत, तोंडानं मीटर मोजत जाणारा इसम वॉचमनला विचित्र वाटेल, पण निदान चोख होतं. ज्यांना गाण्याचं अंग आहे त्यांच्यासाठी आणखी एक: ताशी ३६ किलोमीटरला हे चाक सेकंदाला पाच फेऱ्या मारतं, म्हणजे मागच्या स्प्रॉकेटवर सेकंदाला २२५ दात साखळीत बसतात. हा सूर हार्मोनियमच्या पांढरी सहाच्या जवळपास पडतो. त्याला षड्ज मानलं, तर ताशी ५४ ला पंचम लागतो आणि ७२ ला तार षड्ज. साखळी कोरडी पडली की सूर लागतो तोच, फक्त बेसूर लागतो. गिअर कितीही बदला, तो वेगाशीच बांधलेला राहतो.

क्लचचं प्रकरण गाडी उभी असतानाच उलगडतं. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, लिव्हर सोडलेली असताना घरघर येते आणि लिव्हर दाबताच थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे आणि त्याच्या बेअरिंगकडे जातो, कारण लिव्हर दाबल्यावर तोच थांबतो. उलट लिव्हर दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच मोकळा करणारं रिलीज बेअरिंग पाहायचं. इथं डुकाटीच्या जुन्या कोरड्या क्लचचा उल्लेख टाळता येत नाही. लिव्हर दाबली की त्याच्या प्लेटा मोकळ्या होऊन असा खणखणाट करतात की दुसऱ्या कुठल्या गाडीतून तो आला असता तर मालकानं टोइंगवाल्याला बोलावलं असतं. डुकाटीवाले मात्र वरून पदरचे पैसे खर्चून क्लचवर जाळीदार झाकण बसवतात, म्हणजे तो शेजाऱ्यांनाही नीट ऐकू जावा. नुसता आवाज ऐकून दोष ठरवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

वेळेइतकंच महत्त्व ओझ्याला आहे, आणि प्रवासी गाडीत ओझ्याला तोटा नसतो. थ्रॉटल उघडताना आणि सोडताना ‘ठक्’ होत असेल, तर मधे कुठेतरी ढिलाई आहे: साखळीत, किंवा मागच्या चाकाच्या हबमध्ये धक्का पचवायला बसवलेल्या रबरांत, ज्यांना गॅरेजवाले कपलिंग रबर म्हणतात. आता खरी गंमत. बहुतेक गाड्यांच्या साखळीला २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास ढील सांगितलेली असते, आणि आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या कारागिराला ढील म्हणजे कामचुकारपणा वाटतो. तो साखळी ताणून देतो, गाडी रिकामी असते, आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. मग त्या गाडीवर दोन पॅनियर, टॉप बॉक्स, तंबू आणि पत्नी असा संसार चढतो. मागचा सस्पेन्शन दबतो, पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेकडे येतात, आणि साखळी आणखी ताणली जाते. पुण्यातून निघताना मुकी असलेली गाडी आंबोलीच्या चढावर कण्हू लागते. स्वार म्हणतो, ‘घाटाचा लोड आलाय इंजिनवर.’ लोड आलेला असतो आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, आणि तो पुण्यातच पाना फिरवून दिलेला असतो. सैल साखळी फटकारे मारते, बोंब करते, लक्ष वेधून घेते. घट्ट साखळी सभ्यपणे बेअरिंग खात राहते.

टायरचा आवाज या सगळ्यांत मिसळून फार लोकांना लुबाडतो. बटण टायर घातले की ताशी ५०-६० ला जी भुणभुण सुरू होते, ती ऐकून चाकाची बेअरिंगं बदललेली आहेत, साखळीचे आख्खे सेट बदललेले आहेत. वास्तविक टायर स्वतःच कबुली देत असतो. काँक्रीटवरून डांबरावर आलात की त्याचा सूर बदलतो, ताम्हिणीच्या वळणावर गाडी कलली की पुन्हा बदलतो, कारण आता त्याची वेगळी कड जमिनीला लागते. साखळीला रस्ता कशाचा आहे याचं सोयरसुतक नसतं.

आता पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप. जुने मेस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात, मूठ कानामागच्या हाडावर टेकवतात आणि डोळे मिटून सांगतात, ‘टायमिंग चेन.’ ते आवाज ‘कसा’ आहे यावरूनच ओळखतात ना? मी अशा कारागिरांचा आदर करतो, पण त्यांचा कान नव्हे, हात पाहावा. एक हात स्क्रू ड्रायव्हरवर असतो, दुसरा थ्रॉटलवर. तो जरासा उघडतात, सोडतात, थांबतात, मधेच क्लच दाबतात. म्हणजे आवाजाची उलटतपासणी चाललेली असते आणि साक्ष वेळेचीच निघते. डोळे मिटणं गिऱ्हाइकासाठी असतं. शिवाय ज्याला आपण आवाजाचा स्वभाव म्हणतो, तोही बहुतांशी वेळापत्रकच असतो. हार्ले-डेव्हिडसननं आपल्या इंजिनाच्या आवाजावर ट्रेडमार्क मिळावा म्हणून १९९४ साली अर्ज केला आणि २००० साली तो सोडून दिला. त्या आवाजाचं गुपित धातूत किंवा सायलेन्सरमध्ये जितकं आहे, त्याहून जास्त ४५ अंशांच्या दोन सिलिंडरांमध्ये आहे: एक स्फोट, मग क्रँकच्या ३१५ अंशांनी दुसरा, मग ४०५ अंशांनी पुन्हा पहिला. लंगडत चालणाऱ्या या ठेक्यापायी लोकांनी छातीवर गोंदून घेतलं. रॉयल एनफील्डनं २०१८ साली आणलेल्या ६५० च्या जोड-सिलिंडर इंजिनातही २७० आणि ४५० असं मुद्दाम विषम अंतर ठेवलेलं आहे.

दुसरा आक्षेप नव्या गाडीच्या मालकाचा: ‘आमच्या गाडीत सगळं सेन्सरवर आहे, काही झालं तर दिवा लागेल.’ दिवा लागेल तो सेन्सर ज्यावर पहारा देतात त्यासाठी. क्रँकची स्थिती, थ्रॉटल, ऑक्सिजन, तापमान, चाकाची गती. काही इंजिनांत नॉकिंग ऐकणारा सेन्सरही असतो. कोरड्या साखळीची कुईकुई ऐकण्यासाठी मात्र कोणी काही बसवलेलं नाही, तो सेन्सर मालकाच्या डोक्याच्या दोन बाजूंना आधीच बसवलेला आहे असं कारखाना गृहीत धरतो. स्कॅनर ‘नो फॉल्ट’ दाखवत असताना मागच्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे झालेले असू शकतात. ते पाहायला स्कॅनर लागतही नाही. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला साखळी चिमटीत धरून ओढावी. अर्धा दात उघडा पडला तर साखळीचं आयुष्य संपलं.

तिसरा आक्षेप सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागून येतो आणि तो तीन शब्दांचा असतो: ‘नॉर्मल आहे, सर.’ हा मी पूर्ण फेटाळत नाही, कारण निम्म्या वेळा तो खरा असतो. सकाळी थंड गाडीत पहिला गिअर टाकताना होणारा ‘ठण्ण’ हा थंड, घट्ट तेलात एकमेकींना चिकटलेल्या क्लच प्लेटांचा प्रताप असतो. गाडी बंद केल्यावर सायलेन्सरच्या नळ्यांतून येणारी टिकटिक हा तापलेल्या धातूच्या आकुंचनाचा आवाज असतो. तरी घाटमाथ्यावर चहाला थांबलेले चार जण त्या टिकटिकीवर चहा गार होईपर्यंत चर्चा करतात. शाफ्टच्या गाडीत, आणि बीएमडब्ल्यू १९२३ च्या आर ३२ पासून अशा गाड्या बनवते आहे, थ्रॉटल उघड-मीट करताना गिअरांच्या फटीचा थोडा ठोका जाणवतोच. नॉर्मल कोणतं हे ठरवायचं गमक पुन्हा काळच आहे. गाडी घेतल्या दिवसापासून तसाच असलेला आवाज म्हणजे तिचा स्वभाव. गेल्या मंगळवारी आलेला आणि शुक्रवारी वाढलेला आवाज नॉर्मल नसतो, काउंटरमागच्या माणसानं टाय घातलेला असला तरी.

चौथा आक्षेप मी स्वतःच काढतो, कारण तो काढण्याचं धैर्य कोणी दाखवत नाही: बरेचसे आवाज गाडीचे नसतातच. प्रवासी गाडी म्हणजे अर्धं सामान. किल्लीच्या जुडग्यातला गणपती हँडलच्या क्लॅम्पवर आपटत असतो. सीटखाली टूलकिटमधला दहा-अकराचा पाना लोळत असतो. बाटली पॅनियरच्या भिंतीशी बोलत असते. याचीही ओळख वेळेनंच पटते: आवाज चाकाच्या गतीशी बांधलेला नसून खड्ड्यांशी बांधलेला असेल, तर आधी सामान तपासावं. (खड्ड्यांशी बांधलेला आवाज आपल्याकडे अखंड वाटू शकतो, ही या पद्धतीची स्थानिक मर्यादा.) शिवाय मनाचे खेळ असतात ते वेगळेच. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पेट्रोल पंपाजवळ, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी प्रसिद्ध पाटी बरीच वर्षं झळकत होती. ती पाटी ओलांडली की पुढच्या दहा किलोमीटरांत प्रत्येक गाडीतून काहीतरी ऐकू येऊ लागतं, यात आश्चर्य नाही. खात्री करायची तर भिंत शोधावी. उंच कठड्याच्या किंवा कातळाच्या जवळून गेलं की गाडीचा आवाज परतून कानावर येतो, आणि २०२० साली सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यात तर खरं-खोटं करायला भरपूर वेळ मिळतो.

सोबत्यांचा सल्लाही याच सदरात घालायला हवा. ग्रुपमध्ये प्रत्येक जण तेच निदान करतो, ज्यावर त्याचे स्वतःचे शेवटचे पैसे गेलेले असतात. ज्यानं क्लच प्लेट बदलल्या त्याला सगळीकडे क्लच ऐकू येतो.

‘कानात इयरप्लग घाला आणि मजेत जा’ म्हणणाराही एक पंथ आहे. वाऱ्यापासून कान वाचवण्यासाठी प्लग घालणं योग्यच आहे, त्यानं इंजिनाचे आवाज उलट जास्त सुटे ऐकू येतात असं पुष्कळांचं मत आहे. पण दुर्लक्ष म्हणून घालत असाल, तर तुटलेली साखळी पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचं कवच फोडू शकते, किंवा चाक जॅम करू शकते, हे माहीत असावं. कोकणात पावसाळी फेरीनंतर साखळीवरचं तेल धुऊन गेलेलं असतं. ओ-रिंगच्या साखळीत आतलं ग्रीस शाबूत असलं तरी बाहेरचे रोलर कोरडे पडतात आणि दुसऱ्या दिवशी चिमण्या चिवचिवल्यासारखं होतं. त्यावर नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे एवढाच उपाय असतो. तो न करता स्पीकरचा आवाज वाढवणारे पाहिले की वाटतं, साखळीनं आणखी किती स्पष्ट बोलायला हवं?

माझ्या पद्धतीचं एक उणंही सांगतो. ती फक्त बोलणाऱ्या दोषांना लागू पडते. हवा कमी झालेला टायर बोलत नाही, तेलाची पातळी बोलत नाही, आणि ब्रेकचे पॅड पूर्ण झिजेपर्यंत मौन पाळू शकतात. त्यांच्यासाठी डोळे वापरावेत.

राहिला प्रश्न गाडी गॅरेजमध्ये गेली की आवाज बंद होण्याचा. त्यात गाडीचा खट्याळपणा नसतो. घरापासून गॅरेज दोन किलोमीटरवर असतं आणि आवाज चाळीस किलोमीटरनंतर, तेल पातळ झाल्यावर, दोन माणसांच्या वजनाखाली येणारा असतो. तेव्हा ट्रायलला नुसतं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलेल्या मुलाला तो ऐकू येणार नाही, हे मान्य करून घरीच कागदावर नीट लिहावं: ‘थंड असताना नाही. साधारण ४० कि.मी. नंतर. वेग ६० च्या पुढे. गिअर बदलून फरक नाही. थ्रॉटल सोडल्यावर जास्त. ढकलताना दर पाच मीटरला एकदा.’ एवढं वाचून शहाणा मेस्त्री गाडीला हात लावण्याआधीच साखळीचं नाव घेईल. काउंटरवरचा तरुण तो कागद आदरानं घेईल, दोनदा वाचेल, ‘सर, खूपच डिटेलमध्ये दिलंय’ म्हणेल, आणि जॉब कार्डवर लिहील: जनरल सर्व्हिस, वॉशिंग, आवाज चेक करणे.